जनुकाचा परिणाम "इतके टक्के" म्हणतात, तो आकडा येतो कुठून?

संख्यावेध (धागाकर्ती)

डीएनए चाचण्यांवरच्या आधीच्या धाग्यांत बऱ्याच जणांनी आपापले रिपोर्ट टाकले होते. "एफटीओ: लठ्ठपणाचा धोका इतक्या टक्क्यांनी जास्त", "टीसीएफ७एल२: मधुमेहाचा धोका इतका पट". (एफटीओ, टीसीएफ७एल२ ही जनुकांची नावं.) चर्चा मात्र चाचणी करावी की नाही, याच्याभोवतीच फिरत राहिली. हे आकडे काढतात कसे आणि त्यांच्यावर कितपत विसंबायचं, हे बाजूलाच राहिलं. माझं रोजचं काम वैद्यकीय डेटाच्या संख्याशास्त्राचं आहे आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आधी पद्धत सांगते. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. बहुतेक सगळी सगळ्या माणसांत सारखीच, पण लाखो जागा अशा आहेत की तिथे काहींच्यात एक अक्षर असतं, काहींच्यात दुसरं. अशा जागेला एसएनपी म्हणतात, बोलताना 'स्निप'. हजारो-लाखो लोकांचे काही लाख स्निप चिपवर वाचायचे, त्यांची उंची, वजन, साखर नोंदवायची आणि एकेक स्निप घेऊन बघायचं: या अक्षराच्या ०, १ किंवा २ प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून येते) असणाऱ्यांच्या सरासरी उंचीत फरक आहे का? प्रत्येक स्निपमागे एक साधं रिग्रेशन, म्हणजे एक प्रत वाढली की उंची सरासरी किती बदलते त्याचं गणित. या सगळ्या प्रकाराला जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी म्हणतात, लोक 'जीवास' म्हणतात.

सुरुवातीच्या गाजलेल्या अभ्यासांपैकी एक २००५ चा. उतारवयात डोळ्याचा मध्यबिंदू निकामी करणाऱ्या आजाराचे ९६ रुग्ण आणि आजार नसलेले ५० जण, एवढ्यावर सीएफएच हे जनुक हाती लागलं. परिणामच मोठा होता, म्हणून इतक्या थोड्या माणसांत दिसला. उंची, वजन, मधुमेह यांच्या बाबतीत असं भाग्य फारसं लाभलं नाही. तिथे एकेका स्निपचा परिणाम इवलासा असतो. उंचीत तर बहुतेक वेळा मिलिमीटरांत.

आता पहिली अडचण. साधारण १० लाख स्वतंत्र चाचण्या एकाच वेळी होतात. नेहमीचा ०.०५ चा निकष (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी हवी) लावला, तर काहीही संबंध नसलेले ५० हजार स्निप निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाचे' ठरतील. म्हणून ०.०५ ला १० लाखांनी भागतात आणि १० कोटींत ५ इतका कडक उंबरठा लावतात. खोटे स्निप बाहेर ठेवायला तो हवाच. पण त्याची किंमत मोजावी लागते ती परिणामाच्या आकड्यात.

आकड्यांसकट उदाहरण घेते. समजा, एका स्निपचा खरा परिणाम दर प्रतीमागे २ मिलिमीटर आहे. ते अक्षर आणि त्याचा पर्याय समाजात निम्मे-निम्मे आहेत, आणि अभ्यासात सुमारे ३४ हजार माणसं आहेत. उंचीचं प्रमाण विचलन (माणसांच्या उंच्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) साडेसहा सेंटिमीटर धरलं, तर अंदाजाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने अंदाज साधारण किती हलेल ते, अर्धा मिलिमीटर येते. हाच अभ्यास पुन्हा पुन्हा केला तर उत्तर कधी १.६, कधी २.३, कधी २.८ असं २ च्या आजूबाजूला हलत राहील. उंबरठा ओलांडायला मात्र अंदाज प्रमाण त्रुटीच्या ५.४५ पट लागतो, म्हणजे २.७३ मिलिमीटर. त्याखालचं काही 'सापडलं' म्हणून छापलंच जाणार नाही. मग हा स्निप यादीत यायचा तर अंदाज वरच्या बाजूला ढळलेलाच हवा! तसं साधारण १४ अभ्यासांत एकदा घडतं, आणि घडतं तेव्हा छापला जाणारा आकडा सरासरी २.९५ मिलिमीटर असतो. खऱ्याच्या जवळजवळ दीडपट.

यात कोणी लबाडी केलेली नाही, गणितही चुकलेलं नाही. निवड आणि मोजमाप एकाच डेटावर केलं, एवढंच. याला 'विनर्स कर्स' म्हणतात. उपाय माहीत आहेत: सापडलेल्या स्निपचा परिणाम दुसऱ्या, स्वतंत्र लोकांत नव्याने मोजायचा, किंवा उंबरठ्याचा हिशोब धरून आकडा खाली ओढायचा. रिपोर्टमधला आकडा यांपैकी कुठला आहे, हे ग्राहकाला सहसा कळत नाही.

चिंचवडकर

लेख आवडला, उदाहरण दोनदा वाचून समजलं. एका चाचणीत वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचे पुढच्या चाचणीत गुण थोडे उतरतात, तसंच ना हे? पहिला येताना हुशारीबरोबर त्या दिवसाचं नशीबही साथीला असतं.

प्रश्न असा: माणसं वाढवली की हे आपोआप सुटेल ना? आता तर लाखो लोकांचे अभ्यास होतात म्हणे.

राऊत_अकोला

ताई, आमच्या पीक पैदाशीत हा प्रकार तुमच्याही आधीपासून माहीत आहे. १९९४ मध्ये बीव्हिस नावाच्या मका संशोधकाने संगणकावर खोटी पिढी तयार करून दाखवलं होतं की १०० झाडांवर क्यूटीएल (उंची, उत्पन्न अशा मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या जीनोममधल्या जागा) शोधले, तर सापडलेल्यांचा परिणाम प्रचंड फुगून दिसतो. ५०० वर फुगवटा बराच कमी होतो आणि १००० वर आकडा खऱ्याच्या जवळ येतो. आम्ही त्याला आजही बीव्हिस इफेक्टच म्हणतो.

त्याचा त्रास कागदापुरता नसतो. रब्बी ज्वारीत दाणे भरताना पाणी कमी पडलं तरी पान हिरवं राहावं म्हणून बी-३५ या वाणातले 'स्टे-ग्रीन' क्यूटीएल मालदांडीसारख्या वाणांत आणायचे प्रयत्न झाले. अशा कामात एका वाणात मोजलेला परिणाम दुसऱ्या वाणात तेवढाच उतरेल, असं धरून चालता येत नाही. फुगवटा हे एक कारण, नवी पार्श्वभूमी आणि नवी जमीन हे दुसरं. पण आमच्याकडे एक सोय असते: वाटेल ते दोन वाण संकरित करून हजार झाडं एकाच शेतात, पाळीपाळीने प्लॉट पाडून लावता येतात. माणसांत ती सोय नाही. खरी गोची तिथेच असावी असं वाटतं.

संख्यावेध

राऊतदादा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. चिंचवडकर, तुमचं उत्तरही त्यातच आहे.

माणसं चौपट केली, १ लाख ३५ हजार, तर वरच्या उदाहरणात प्रमाण त्रुटी पाव मिलिमीटरवर येते. २ मिलिमीटरवाला स्निप जवळपास दर वेळी सापडतो आणि त्याचा फुगवटा जातो. त्याच वेळी १ मिलिमीटरवाले स्निप उंबरठ्याशी येऊन उभे राहतात आणि त्यांची गत आधीच्या २ मिलिमीटरवाल्यांसारखी होते. तरी यादी एकूण सुधारते, हे मान्य.

पण माणसं वाढवून कमी होते ती फक्त योगायोगाची चूक. एकाच दिशेने ओढणारी चूक असेल, तर मोठ्या सॅम्पलमध्ये ती आणखी ठामपणे चुकीचं उत्तर देते. राऊतदादांच्या शेतात झाडं कुठे लावायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. माणसं कुठे जन्मतात, काय खातात, कुठल्या शाळेत जातात, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. आणि कोणाच्यात कुठलं अक्षर किती आढळतं, हेही वंशपरंपरेप्रमाणे जागोजागी बदलतं. या दोन्ही गोष्टी बरोबर चालल्या की अक्षराला असं श्रेय मिळतं, जे त्याचं नाहीच.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲरिझोनातलं आहे. गिला नदीकाठच्या पिमा समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं. १९८८ मध्ये तिथल्या ४,९२० लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातल्या अँटिबॉडीशी संबंधित एक जनुकीय संच ज्यांच्यात होता त्यांच्यात मधुमेह ८ टक्के, नव्हता त्यांच्यात २९ टक्के. आकडे बघितले तर वाटेल, मधुमेहापासून वाचवणारं जनुकच मिळालं! पण तो संच युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास असतो. ज्यांच्यात तो होता त्यांचे पूर्वज बऱ्याच प्रमाणात युरोपीय होते. अभ्यासकांनी वंशाच्या प्रमाणानुसार गट पाडून पुन्हा पाहिलं, तेव्हा फरक जवळपास नाहीसा झाला. त्या संचाचा मधुमेहाशी काही संबंध नव्हता, त्याने फक्त कोणाचे पूर्वज कुठले ते सांगितलं होतं.

२००५ मध्ये युरोपीय वंशाच्या अमेरिकन लोकांतही असंच दिसलं. मोठेपणी दूध पचू देणारं अक्षर आणि उंची यांचं नातं जोरदार आलं. दोन्ही गोष्टी युरोपात वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जातात. आजी-आजोबा कुठले ते जुळवून लोकांची तुलना केल्यावर ते नातं बरंचसं विरलं.

यावर उपाय शोधले गेले. १९९९ मध्ये 'जिनोमिक कंट्रोल' आला, म्हणजे सगळ्या स्निपचे निकाल सरसकट किती फुगलेत ते बघून तेवढे खाली आणायचे; २००६ पासून प्रिन्सिपल कॉम्पोनंट वापरायची रीत पडली: सगळ्या स्निपवरून माणसांचा एक प्रकारचा वंशनकाशा काढायचा आणि रिग्रेशनमध्ये त्याचा हिशोब धरायचा. नंतर मिक्स्ड मॉडेल आली, ज्यांत माणसामाणसांतलं जनुकीय साम्यही हिशोबात धरतात. बरंच काम भागलं. पूर्ण नाही.

पूर्ण नाही हे कळलं ते उंचीमुळेच. २०१२ पासून अनेक अभ्यासांनी सांगितलं होतं की उत्तर युरोपातले लोक उंच आहेत यामागे निसर्गनिवडीचा हात आहे. उंची वाढवणारी अक्षरं उत्तरेत किंचित जास्त आढळतात आणि हा कल शेकडो स्निपमध्ये एकाच दिशेने जातो. त्यासाठी परिणामांचे आकडे घेतले होते 'जायंट' या समूहाच्या अभ्यासातून, जो युरोपभरच्या अनेक लहानमोठ्या अभ्यासांची बेरीज होता. २०१९ मध्ये दोन गटांनी हेच गणित यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाच्या आकड्यांवर केलं. तिथे ५ लाख लोक एकाच देशातले, एकाच पद्धतीने मोजलेले. निवडीचा तो संकेत बराचसा मावळला. जुन्या आकड्यांत प्रत्येक स्निपमागे उत्तर-दक्षिण फरकाचा एक बारीकसा अंश शिल्लक राहिला होता. एका स्निपवर बघाल तर दिसणारही नाही इतका. पण हजारो स्निपची बेरीज केली की सगळे अंश एकाच बाजूला पडतात आणि बेरीज मोठी होते.

मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. रिपोर्टमध्ये एखाद्या आजाराचा वा गुणाचा जो एकत्रित 'पॉलिजेनिक स्कोअर' देतात, तो म्हणजे दुसरं काय? अशा हजारो आकड्यांची बेरीजच.

गोदाकाठ

एक शंका. चूक एवढी मुरलेली असेल, तर हे अभ्यास करायचेच कशाला? २००८ च्या आसपास पेपरांत जनुकं सापडल्याच्या बातम्या यायच्या, मग 'हरवलेली आनुवंशिकता' असंही वाचलं. पुढे काय झालं त्याचं?

लीड्सकर

गोदाकाठ, ते कोडं बरंचसं उलगडलं आहे, आणि माझ्या मते ती या क्षेत्राच्या जमेची बाजू आहे.

जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांवरून उंचीतल्या फरकांपैकी सुमारे ८० टक्के आनुवंशिक मानले जायचे. २००८ पर्यंत मिळालेल्या ४० एक जागा मिळून ५ टक्केच समजावून देत होत्या. मग बाकीचं गेलं कुठे? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने वेगळी वाट धरली. एकेक स्निप निवडायचाच नाही. एकमेकांशी नातं नसलेल्या ३,९२५ लोकांत, जनुकीय साम्य किंचित जास्त असलेल्या जोड्यांची उंचीही किंचित जास्त जुळते का, एवढंच तपासायचं. उत्तर आलं ४५ टक्के. उंबरठा नाही, म्हणून निवडीचा फुगवटाही नाही. परिणाम हरवले नव्हते, ते इतके लहान आणि इतके जास्त होते की उंबरठ्याखाली दडले होते. २०१४ मध्ये अडीच लाख लोकांत ६९७ स्निप मिळाले. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांत १२,१११ स्वतंत्र स्निप, आणि ते युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतल्या ४० टक्के फरकाचा हिशोब देतात. बाकीच्या वंशांत १० ते २० टक्केच. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्यावर मंडळी येतीलच.

आता संख्यावेध ताईंच्या मुद्द्यात भर. वंशाचा गोंधळ टाळायचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे सख्खी भावंडं. एकाच आईबापांच्या दोन मुलांपैकी कोणाला कुठलं अक्षर मिळालं, हे केवळ योगायोगाने ठरतं. राऊत म्हणतात ती चिठ्ठी माणसांत इथेच पडते. वंश तोच, घर तेच, गाव तेच. २०२२ मध्ये १,७८,०८६ भावंडांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या जीवासमध्ये मिळणारे परिणाम भावंडांमध्ये मोजले तर उंचीचे साधारण १० टक्क्यांनी घटले. 'किती वर्षं शिक्षण झालं' याचे मात्र जवळपास निम्म्यावर आले!

म्हणजे शिक्षणाच्या आकड्यात निम्मा वाटा त्या माणसाच्या स्वतःच्या डीएनएचा नव्हताच. मग कोणाचा? काही वंशाच्या फरकांचा, काही नवरा-बायको एकमेकांसारखे निवडले जातात त्याचा, आणि काही आईवडिलांचा. या तिसऱ्या गोष्टीवर आइसलँडचा २०१८ चा अभ्यास फार सुंदर आहे. आईबापांकडे प्रत्येक जागी दोन प्रती असतात, मुलाला एक मिळते, दुसरी मिळत नाही. न मिळालेली प्रत मुलाच्या शरीरात नाहीच, तेव्हा तिचा मुलावर जैविक परिणाम शक्य नाही. तरीही न मिळालेल्या प्रतींवरून काढलेल्या स्कोअरचं मुलाच्या शिक्षणाशी नातं दिसलं, मिळालेल्या प्रतींच्या सुमारे ३० टक्के जोराचं. ती प्रत आईबापांमार्फत, त्यांनी उभ्या केलेल्या घरामार्फत पोचत होती. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रचनेतल्या साधेपणाने थक्क झालो होतो.

भावंडांची पद्धत महाग पडते. दोन्ही भावंडांचं वाचन हवं, आणि भावंडं जनुकांनी आधीच सारखी असल्यामुळे फरक कमी, म्हणून प्रमाण त्रुटी मोठी. नेमकेपणा आणि निर्दोषपणा यांतलं काय सोडायचं, हा रोजचा प्रश्न आहे.

एक जाता जाता. यूके बायोबँकसाठी सुमारे ९२ लाख लोकांना बोलावणं गेलं होतं, आले साडेपाच टक्के. आलेले लोक सरासरी ब्रिटिश माणसापेक्षा सुस्थितीतले आणि निरोगी. येण्या-न येण्यावर जनुकांचा काही प्रभाव असेल, तर तिथूनही आकडे वाकडे होतात.

सातारा_एमडी

उत्तम धागा. रुग्ण असे रिपोर्ट घेऊन येतात, त्या बाजूने लिहितो.

टीसीएफ७एल२ चा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला. लगेच २००७ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाने हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेबरोबर तो आपल्या रुग्णांत तपासला आणि संबंध पक्का निघाला. वेगळ्या खंडातल्या, वेगळ्या आहाराच्या लोकांत तेच उत्तर आलं, की माझा विश्वास वाढतो. संख्यावेध म्हणतात त्या वंशाच्या गोंधळाला दोन्हीकडे एकाच दिशेने ढळायचं काही कारण नाही.

एफटीओ जरा गुंतागुंतीचं आहे. २००७ मध्ये युरोपात ते आधी मधुमेहाशी जोडलं गेलेलं दिसलं, मग लक्षात आलं की वाट वजनातून जाते: धोक्याच्या अक्षराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांचं वजन एकही नसणाऱ्यांपेक्षा सरासरी ३ किलो जास्त. पुण्याच्या २००९ च्या अभ्यासात वजनाचा हिशोब धरल्यावरही मधुमेहाशी नातं पूर्ण गेलं नाही. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्यातल्याच संशोधनाने जगाला दाखवलं आहे. तेव्हा तोच स्निप, तेच अक्षर, पण बीएमआय हे उंचीच्या मानाने वजनाचं माप दोन्हीकडे एकच गोष्ट मोजत नाही. शिवाय २०१४-१५ च्या कामावरून दिसतं की तो स्निप एफटीओच्या आत असला तरी काम करतो ते दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर. रिपोर्टवर नाव मात्र एफटीओचंच छापून येतं.

रुग्णांसाठी एक हिशोब. "धोका १.४ पट" वाचून लोक हादरतात. हा आकडा बहुधा ऑड्स रेशो असतो, म्हणजे 'आजार होणारे भागिले न होणारे' या प्रमाणाची पट. तुमच्यासारख्या १०० जणांत एरवी १० जणांना मधुमेह होणार असेल, तर १.४ ने तो साडेतेरा होतो. साडेतीन जण वाढले. कंबरेचा घेर, आईवडिलांचा मधुमेह आणि उपाशीपोटीची साखर यांवरून मला याहून खूप जास्त कळतं.

मुग्धा_ठाणे

सगळं वाचलं. माझा प्रश्न सरळ आहे. एका कंपनीने मुलाचा रिपोर्ट दिला आहे. त्यात मधुमेह, हृदयविकार यांचे स्कोअर आहेतच, पण 'शिकण्याची क्षमता' असाही एक स्कोअर आहे आणि तो 'सरासरीपेक्षा कमी' आला आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे. घरात सासूबाईंपासून सगळ्यांना टेन्शन आलं आहे. याला किती अर्थ आहे?

संख्यावेध

मुग्धाताई, त्या एका ओळीला तुमच्या मुलाच्या बाबतीत काही अर्थ नाही. कारणं सांगते, म्हणजे घरी समजावता येईल.

लीड्सकरांनी सांगितलं ते पहिलं: शिक्षणाचे परिणाम भावंडांमध्ये मोजले की निम्म्यावर येतात. हे तर जिथे आकडे काढले त्या युरोपीय समाजातच. दुसरं, २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार तोवरच्या जीवासमधले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. चिपवरचा स्निप बहुतेक वेळा स्वतः काम करणारा नसतो, खऱ्या जागेच्या शेजारी राहून तिची खूण पटवणारा असतो. ही शेजारसोबत किती घट्ट, ते प्रत्येक समाजाच्या इतिहासावर ठरतं. तिकडे खूण ९० टक्के वेळा बरोबर पटत असेल, इकडे ६० टक्के वेळा, तर तोच खरा परिणाम इकडे पातळ दिसणार. उंचीसारख्या सोप्या, टेपने मोजता येणाऱ्या गोष्टीत ४० टक्क्यांचे १०-२० टक्के होतात, ते यामुळेच, आणि अक्षरांची वारंवारिता बदलते त्यामुळे.

तिसरं कारण आपल्या समाजाचं आहे, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

सीसीएमबी आणि हार्वर्ड यांच्या २०१३ च्या संशोधनानुसार भारतात वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या प्रमाणावर चालू होती, मग जातीतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली. त्यामुळे एकाच गावात, एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन जातींच्या लोकांत अक्षरांची वारंवारिता वेगळी असू शकते. आणि आपल्याकडे जमीन, शाळा, पोटभर अन्न हे कोणाला मिळालं, तेही शतकानुशतकं त्याच रेषांवर ठरलं. वर पिमा समाजाचं जे सांगितलं, ते इथे हजारो गटांत एकाच वेळी आहे. उद्या कोणी महाराष्ट्रात लाखभर लोकांवर शिक्षणाचा जीवास केला, तर रिग्रेशन शेकडो स्निप काढून देईल, आणि त्यातले बरेचसे फक्त कोणाच्या आजोबांना शाळेत बसू दिलं गेलं ते सांगत असतील. ते आकडे 'बुद्धीची जनुकं' म्हणून वापरले जाणं मला भयंकर वाटतं. संख्याशास्त्रातली चूक तिथे अन्यायाला पुरावा म्हणून उभी राहील.

प्रिन्सिपल कॉम्पोनंट लावून हे सुटेल, असं मला सांगू नये. उत्तर-दक्षिण असा मोठा कल ते चांगला पकडतात. गेल्या काही पिढ्यांतली बारीक वीण, विशेषतः दुर्मिळ अक्षरांतली, त्यातून निसटते. हे २०१२ पासून गणिताने माहीत आहे.

राऊत_अकोला

मग आपल्याकडे भावंडांवर अभ्यास का करत नाहीत? घरं मोठी, भावंडं जवळपास राहतात.

संख्यावेध

करायला हवेत, आणि मला तीच सर्वांत मोठी आशा वाटते. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या ८० हून जास्त समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचे पूर्ण जीनोम वाचून झाले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. शेजारसोबतीचा आपला स्वतःचा नकाशा त्यातून मिळतो, हे फार मोठं काम आहे. परिणाम मोजायला मात्र १० हजार पुरत नाहीत, वरचं ३४ हजारांचं उदाहरण आठवा. त्यासाठी लाखांनी माणसं हवीत, आणि माझा आग्रह असा की त्यात भावंडांच्या जोड्या सुरुवातीपासून ठरवून घ्याव्यात. मागाहून भाऊ-बहीण शोधत बसणं फार अवघड जातं.

आणि मोजणी सगळ्यांची एकाच पद्धतीने व्हावी. २०१० मध्ये शंभरी गाठलेल्यांच्या जनुकांवरचा एक पेपर मोठ्या नियतकालिकात आला होता. शंभरीवाले आणि तुलनेचे लोक वेगवेगळ्या प्रकारच्या चिपवर वाचले गेले होते, त्यातल्या एका चिपवर काही स्निप चुकीचे वाचले जात होते. चिपमधला फरक दीर्घायुष्याचा म्हणून मोजला गेला. २०११ मध्ये पेपर मागे घेतला गेला.

गोदाकाठ

आता माझ्या आधीच्या शंकेवर मीच थोडं मागे येतो. आकडा मोजण्यात इतक्या अडचणी आहेत, तरी जागा सापडणं उपयोगाचंच ना?

सातारा_एमडी

नक्कीच. आणि सगळे स्कोअर टाकाऊ नसतात, हेही सांगायला हवं. टाइप १ मधुमेहाचा स्कोअर युरोपीय लोकांवर बेतलेला. पुणे, हैदराबाद आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी तो २०२० मध्ये पुण्याच्या रुग्णांवर तपासला. टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखण्यात तो युरोपातल्यापेक्षा किंचितच कमी पडला. कारण तिथे एचएलए या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या भागातले थोडे, पण मोठे परिणाम आहेत. तरुण, सडपातळ रुग्ण समोर असताना इन्सुलिन लागणार की गोळ्यांवर भागेल, या प्रश्नात त्याची खरी मदत होऊ शकते.

मुग्धाताई, मुलाच्या रिपोर्टमधला टाइप २ चा स्कोअर या दर्जाचा नाही, हृदयविकाराचाही नाही. खेळू द्या त्याला.

मुग्धा_ठाणे

मनापासून आभार सगळ्यांचे. सासूबाईंना संख्यावेध ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्यांना आजोबांच्या शाळेचा मुद्दा लगेच पटला. कंपनीला मेल करते आहे: स्कोअर कुठल्या लोकांवर काढला आणि भारतीयांत तपासला का. अजून काय विचारू?

लीड्सकर

दोन गोष्टी जोडा. आकडे ज्या लोकांत शोधले त्यांच्यातलेच आहेत की वेगळ्या लोकांत पुन्हा मोजलेले? आणि भावंडांमध्ये स्कोअर तपासला आहे का? उत्तर आलं की इथे टाका, सगळे मिळून वाचू.